भंवरीदेवीचा कायदा आशाताईंपर्यंत कधी पोहोचणार?

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे आयटी पार्कमधली काचेची इमारत येते, गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या मुली येतात आणि एचआरकडून दरवर्षी सक्तीनं बघायला लावला जाणारा व्हिडिओ येतो. ज्या बाईमुळे हा कायदा देशात आला ती जयपूर जिल्ह्यातल्या भटेरी नावाच्या खेड्यात राहणारी, कुंभार समाजातली, सरकारी मानधनावर काम करणारी बाई होती.

भंवरीदेवी राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' होती. गावातल्या बायकांशी बोलायचं, आरोग्याची आणि शिक्षणाची माहिती द्यायची, बालविवाह होत असेल तर तो रोखायचा, हे तिचं काम. १९९२ साली गावातल्या एका वरचढ कुटुंबात वर्षही न भरलेल्या मुलीचं लग्न ठरलं. ते थांबवायला ती गेली, कारण ते तिचं नेमून दिलेलं काम होतं. त्याचा सूड म्हणून सप्टेंबरमध्ये, शेतात, नवऱ्याला मारहाण करून त्याच्यादेखत तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ मध्ये सत्र न्यायालयानं आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केलं. ज्या सरकारच्या कामासाठी ती गेली होती, त्या सरकारनं मालक म्हणून तिची जबाबदारी घेतली नाही. हा प्रश्न घेऊन 'विशाखा' आणि इतर महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १३ ऑगस्ट १९९७ रोजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखालच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठानं निकाल दिला. मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला मुख्य न्यायाधीश राहिलेल्या सुजाता मनोहर त्या पीठावर होत्या. कायदा होईपर्यंत पाळायची मार्गदर्शक तत्त्वं त्या निकालानं घालून दिली. आपल्याकडे शाळा-कॉलेजांत आणि जिल्हा परिषदेत आजही 'विशाखा समिती' म्हणतात ते त्यावरून. प्रत्यक्ष कायदा व्हायला आणखी सोळा वर्षं गेली. ९ डिसेंबर २०१३ पासून तो लागू आहे.

खेड्यात मानधनावर राबणाऱ्या एका बाईच्या लढ्यातून आलेला हा कायदा शहरातल्या पगारदार बाईपर्यंत काही प्रमाणात पोहोचला आणि तिथेच अडकला. भंवरीदेवीसारखी बाई आज महाराष्ट्रात आशाताई आहे, अंगणवाडी मदतनीस आहे, उसाच्या फडात मोळ्या बांधणारी आहे, चार घरची धुणीभांडी करणारी आहे. तिच्यासाठी कायद्यात जागा ठेवलेली आहे, आणि ती चांगल्या विचारानं ठेवलेली आहे. ती यंत्रणा उभी करण्याची निकड मात्र सरकारला कधी वाटली नाही. तिनं तक्रार केली नाही तर कोणाचंच काही अडत नाही, हे त्यामागचं खरं कारण आहे असं मला वाटतं.

आधी कायदा काय म्हणतो ते नीट पाहू, कारण शिकलेल्या माणसांनाही तो अर्धाच माहीत असतो. शारीरिक स्पर्श किंवा जवळीक साधण्याचा प्रयत्न, शरीरसंबंधाची मागणी किंवा विनंती, लैंगिक अर्थाचे शेरे, अश्लील चित्रं किंवा व्हिडिओ दाखवणं, आणि याखेरीज शब्दानं, नजरेनं, हावभावानं केलेलं कोणतंही लैंगिक स्वरूपाचं नकोसं वर्तन, हे सगळं लैंगिक छळात येतं. यातला 'नकोसं' हा शब्द कळीचा आहे. करणाऱ्याचा हेतू काय होता यापेक्षा ते तिला हवं होतं का, याला महत्त्व आहे. 'मी गमतीत म्हणालो', 'आमच्या सेक्शनमध्ये सगळे असंच बोलतात', 'मी तिला मुलीसारखी मानतो' ही उत्तरं प्रत्येक चौकशीत येतात आणि त्यांच्यामुळे गोष्ट बदलत नाही.

याच्या जोडीला कायद्यात एक कलम आहे ज्याची चर्चा फारच कमी होते. अशा वर्तनाबरोबर नोकरीत खास वागणूक देण्याचं उघड किंवा आडून दिलेलं आश्वासन असेल, त्रास देण्याची किंवा नोकरी घालवण्याची धमकी असेल, कामात अडथळा आणून धाकाचं वातावरण तयार केलं जात असेल, किंवा तिच्या आरोग्याला आणि सुरक्षिततेला बाधा येईल असा अपमान केला जात असेल, तर तोही छळच. मला हे कलम फार महत्त्वाचं वाटतं, कारण ते सत्तेकडे बोट दाखवतं. रात्री अकरा वाजता 'झोपलीस का?' असा मेसेज शेजारच्या टेबलावरच्या माणसानं पाठवला तर ती त्याला ब्लॉक करू शकते. तोच मेसेज जर तिच्या कामाच्या अहवालावर सही करणाऱ्यानं, हजेरी मांडणाऱ्यानं, मानधनाचं बिल पुढे पाठवणाऱ्यानं केला, तर ब्लॉक करण्याची किंमत तिला पुढच्या महिन्यात मोजावी लागते. म्हणून ती 'नाही सर, जागी आहे' असं उत्तर देते. पुढे चौकशीत तेच उत्तर तिच्या संमतीचा पुरावा म्हणून मांडलं जातं.

संरक्षण कोणाला आहे? कायम, हंगामी, रोजंदारी, कंत्राटदारामार्फत आलेली, प्रोबेशनवरची, प्रशिक्षणार्थी, अप्रेंटिस, आणि मोबदला घेणारी वा न घेणारी, स्वयंसेवक म्हणून काम करणारीसुद्धा. हे शब्द कायद्यातच आहेत. आशाताईंना सरकार कर्मचारी मानत नाही, 'स्वयंसेविका' म्हणतं. वेतनाच्या आणि पेन्शनच्या लढाईत हा शब्द त्यांच्या विरोधात वापरला जातो. पण या एका कायद्यापुरती ती अडचण उरत नाही. त्यांना कर्मचाऱ्याचा दर्जा मिळेपर्यंत थांबण्याची गरज नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात, तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या कार्यालयात किंवा सर्वेक्षणासाठी गेलेल्या घरी जे घडेल ते त्यांच्या कामाच्या ठिकाणीच घडलेलं असतं. कामानिमित्त जावं लागतं ती प्रत्येक जागा, इतकंच काय पण मालकानं दिलेलं वाहनसुद्धा, कायद्यानं कामाचं ठिकाण आहे. हे किती आशाताईंना कोणी सांगितलं आहे?

दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तिथे मालकानं अंतर्गत समिती नेमायची असते. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, निम्म्या तरी सदस्य महिला, आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेतली. कार्यालयं वेगवेगळ्या गावी असतील तर प्रत्येक ठिकाणी वेगळी समिती. जिथे माणसं दहापेक्षा कमी आहेत, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच आहे, तिथे बाईनं जायचं ते जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. आणि तिला जिल्ह्याच्या गावापर्यंत हेलपाटे घालावे लागू नयेत म्हणून प्रत्येक तालुक्यात आणि शहरातल्या प्रत्येक प्रभागात एक नोडल अधिकारी असावा, त्यानं तक्रार घेऊन सात दिवसांत समितीकडे पाठवावी, अशी तरतूद आहे. कागदावर इतकं विचारपूर्वक लिहिलेलं कमीच सापडतं.

आता आपापल्या तालुक्याचा नोडल अधिकारी कोण, हे तहसील कचेरीत विचारून पाहा. मी विचारलं आहे. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवतात, तिसऱ्या टेबलावर महिला व बाल विकास विभागाकडे जा म्हणून सांगतात, आणि तिथे 'मॅडम मीटिंगला गेल्यात' हे उत्तर मिळतं. समिती असलीच तर तिच्या आदेशावरची नावं मुदत संपलेल्यांची असतात. वर्षाअखेरीस अहवालात 'प्राप्त तक्रारी' या रकान्यापुढे 'निरंक' लिहून कागद वर जातो, आणि वर बसलेल्याला वाटतं की जिल्ह्यात सारं आलबेल आहे.

हे माझ्या एकटीचं निरीक्षण नाही. १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं गोव्याच्या एका प्रकरणात निकाल देताना या कायद्याच्या अंमलबजावणीबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. देशातल्या ३० राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी १६ महासंघांनी समितीच नेमलेली नाही, या बातमीची दखल त्या निकालात आहे. त्यानंतरही सरकारं हलली नाहीत, म्हणून ३ डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावे लागले: वर्षअखेरीपर्यंत प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा अधिकारी नेमा, ३१ जानेवारी २०२५ पर्यंत स्थानिक समित्या उभ्या करा. कायदा लागू होऊन तेव्हा अकरा वर्षं होत आली होती. ज्या समितीवर देशातल्या बहुसंख्य कष्टकरी बायकांची मदार, ती नेमा असं देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला अकराव्या वर्षी सांगावं लागलं.

ऊसतोडीचं उदाहरण मला सगळ्यांत अस्वस्थ करतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून टोळ्या निघतात, कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे, काही थेट कर्नाटकात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतो नवरा, सही किंवा अंगठा त्याचा, बायकोचं नाव बहुतेक वेळा कुठेच नसतं. उन्हाळा लागेपर्यंत शेताच्या कडेला कोपीत, म्हणजे झोपडीत राहायचं, पहाटे फडात उतरायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर वाहायच्या, आणि रात्री-अपरात्री गाडी आली की उठून ती भरायची. आडोसा नाही, दिवा नाही, संडास नाही. अंघोळीला सुद्धा अंधाराची वाट बघायची. अशा ठिकाणी मुकादमानं, गाडीवाल्यानं किंवा शेतमालकाच्या माणसानं अंगाला हात लावला तर ती कोणाला सांगणार? नवऱ्याला सांगावं तर तो उचलीत बांधलेला. टोळी सोडून जावं तर घेतलेले पैसे व्याजासकट फेडावे लागणार. पोलिसांत जावं तर गाव परकं, ठाणं परकं, आणि दुसऱ्या दिवसापासून काम बंद.

कायद्यानुसार तिनं तक्रार करायची ती जिथे घटना घडली त्या जिल्ह्याच्या समितीकडे, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. समितीला कारणं पटली तर आणखी तीन महिने वाढवून मिळतात. म्हणजे डिसेंबरात घडलेल्या गोष्टीची तक्रार मार्चपर्यंत व्हायला हवी, आणि मार्चपर्यंत ती फडातच असते. गावी परतून थोडं मोकळं बोलता यावं तोवर मुदत टळलेली, आणि जिथे तक्रार द्यायची तो जिल्हा एसटीनं दिवसभराच्या अंतरावर. मुकादम म्हणतो मी मालक नाही, कारखाना म्हणतो ती आमची कामगार नाही, शेतकरी म्हणतो मी फक्त ऊस दिला. माझ्या मते यात संदिग्ध काही नाही. कंत्राटदारामार्फत आलेली बाई हा कायदा कर्मचारीच मानतो, आणि ज्याच्या गाळपासाठी, ज्याच्या तोडणीच्या वेळापत्रकानुसार ती राबते तो कारखाना जबाबदारीतून अंग काढून घेऊ शकत नाही.

तीन महिन्यांच्या मुदतीबद्दल सप्टेंबर २०२५ मधला सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल मुद्दाम सांगते. देशातल्या एका विधी विद्यापीठातल्या प्राध्यापिकेनं कुलगुरूंविरुद्ध तक्रार केली होती. शेवटची घटना एप्रिल २०२३ ची आणि तक्रार डिसेंबर २०२३ ची. वाढीव धरून सहा महिने उलटून गेले होते, म्हणून तक्रार मुदतबाह्य ठरली. त्या निकालाची नोंद कुलगुरूंच्या परिचयपत्रात कायम राहावी असा आदेश न्यायालयानं दिला, पण चौकशी काही होऊ शकली नाही. कायदा शिकवणारी प्राध्यापिका जी मुदत पाळू शकली नाही, ती निरक्षर ऊसतोड बाईनं पाळावी अशी आपली अपेक्षा आहे. बाई गप्प राहते ती धाकानं, नोकरीच्या गरजेनं, घरातल्यांच्या भीतीनं. नेमकं हे कायद्यानंच मान्य केलेलं आहे, तरी गप्प बसण्याची सवलत मात्र तीनच महिन्यांची. ही मुदत निदान एक वर्ष करावी. स्थलांतरित कामगार बाईला तिच्या घरच्या जिल्ह्यातल्या समितीकडे तक्रार देता यावी आणि पुढे ती योग्य जिल्ह्याकडे पाठवणं हे समितीचं काम असावं.

तोपर्यंत आहे त्या मुदतीत काय करता येईल, हेही सांगायला हवं. छळ वारंवार होत असेल तर मुदत मोजायची ती शेवटच्या घटनेपासून. लिहिता येत नसेल तर तक्रार लिहून घ्यायला मदत करणं समितीवर बंधनकारक आहे. आजारपणामुळे ती स्वतः येऊ शकत नसेल तर नातेवाईक, मैत्रीण किंवा सोबत काम करणारी व्यक्ती तक्रार देऊ शकते. केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते, खासगी नोकरीतल्या बाईलाही. आणि समितीची वाट वेगळी, पोलिसांची वेगळी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ नुसार लैंगिक छळ हा गुन्हा आहे, स्पर्श किंवा मागणी असेल तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. समितीची तीन महिन्यांची अट पोलिसांतल्या फिर्यादीला लागू होत नाही. तिला गुन्हा नोंदवायचा असेल तर तिला मदत करणं हे मालकाचं कायदेशीर कर्तव्य आहे.

घरकाम करणाऱ्या बायकांची गोष्ट वेगळी आणि अधिक अन्यायाची. दुसऱ्याचं घर हेही कामाचं ठिकाण आहे असं कायदा स्पष्ट म्हणतो. पण तिची तक्रार आली आणि प्रथमदर्शनी तथ्य दिसलं की स्थानिक समितीनं सात दिवसांत ती पोलिसांकडे पाठवायची. बाकी सगळ्या बायकांना समितीपुढे चौकशी मागण्याचा पर्याय आहे, हिला मात्र थेट पोलीस ठाणं. ज्या मालकिणीच्या एका 'माझी अंगठी हरवली' या वाक्यावर तिलाच ठाण्यात बसवून ठेवतात, त्या ठाण्याकडे तिनं विश्वासानं जावं, असं आपण म्हणतो. महाराष्ट्रानं २००८ मध्येच घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. ज्या राज्यानं या बायकांना कामगार म्हणून नाव दिलं, त्यानं त्यांना चौकशीचा पर्याय मिळावा यासाठी केंद्राकडे आग्रह धरायला हवा.

जिथे समित्या आहेत तिथेही सगळं ठीक आहे असं नाही. मी काही कारखान्यांच्या आणि संस्थांच्या समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून बसते. एका कारखान्यात सुनावणीसाठी दिलेली खोली काचेची होती आणि समोरच, ज्याच्याविरुद्ध तक्रार होती त्या सुपरवायझरचं टेबल. आत येणाऱ्या मुलीला तो दिसत होता, त्याला ती. हातात आलेल्या टाइप केलेल्या तक्रारीत एकच ओळ होती: 'सुपरवायझरचे वर्तन आक्षेपार्ह आहे.' एवढ्यावर कोणीही काय चौकशी करणार? आम्ही खोली बदलून घेतली, पंखा लावला, पाणी दिलं, आणि तिला म्हटलं, घाई नाही, पहिल्यापासून सांग. मग तिनं सांगितलं. रात्रपाळी होती, पॅकिंगच्या लाइनवर ती शेवटच्या जागेवर होती, टेप संपला म्हणून स्टोअरकडे गेली तेव्हा तो मागून आला, दाराच्या फळीवर हात टेकून त्यानं वाट अडवली, काय म्हणाला ते शब्दही तिनं सांगितले, आणि ट्रॉली घेऊन जाणाऱ्या हेल्परनं ते पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी तिची जागा बदलली आणि पुढच्या आठवड्यात ओव्हरटाइम बंद झाला. हे सगळं तिनं एचआरला आधीच सांगितलं होतं. कागदावर उतरवताना कोणीतरी तिच्या भल्यासाठी म्हणून ते गाळून टाकलं होतं.

म्हणून तक्रार लिहिणाऱ्या प्रत्येकीला मी एकच सांगते. मोघम लिहू नका. कोणता दिवस, कोणती पाळी, कुठली जागा, तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत, कितीही घाण वाटलं तरी. कोण जवळ होतं, त्या दिवशी घरी किंवा मैत्रिणीला काय सांगितलं, त्यानंतर कामात काय बदललं. मेसेज पुसू नका, फोन बदलला तरी जपून ठेवा. चौकशी चालू असताना त्याची किंवा स्वतःची बदली, तीन महिन्यांपर्यंतची जादा रजा मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. सवय अशी पडली आहे की बदली नेहमी तिचीच होते आणि ती 'तुझ्या सोयीसाठी' म्हणून होते. तशी सोय नको असेल तर नको असं लेखी द्या. रोजंदारीवरच्या बाईला रजेचा उपयोग नाही, ही तरतूद करताना तिचा विचारच झालेला नाही.

समेटाबद्दलही दोन शब्द. चौकशीआधी समेट होऊ शकतो, पण तो बाईनं मागितला तरच, आणि पैसे हा त्याचा आधार असू शकत नाही. प्रत्यक्षात समितीतलीच वडीलधारी बाई पहिल्या भेटीत म्हणते, 'अगं, त्याला बायकामुलं आहेत, माफी मागतोय ना?' असं म्हणणाऱ्या सदस्येनं समितीवर बसू नये.

गोव्याचं जे प्रकरण वर सांगितलं, त्यातून शिकण्यासारखं आणखी एक आहे आणि ते समित्यांनी मनावर घ्यायला हवं. गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाविरुद्ध २००९ मध्ये विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या. समितीनं घाईघाईनं लागोपाठ बैठका घेऊन चौकशी उरकली, २०१० मध्ये त्याला बडतर्फ केलं गेलं, उच्च न्यायालयानं २०१२ मध्ये ती कारवाई कायम ठेवली. सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये सगळं रद्द करून चौकशी पुन्हा करायला सांगितलं, कारण त्याला बाजू मांडायला पुरेशी संधी मिळाली नव्हती. तक्रार करणाऱ्या मुली तेव्हा विद्यार्थिनी होत्या. चौदा वर्षांनी त्यांना सांगितलं गेलं की पहिल्यापासून सुरुवात. ज्याच्यावर आरोप आहे त्याला कागदपत्रं देणं, साक्षीदारांना प्रश्न विचारण्याची वाट देणं, तारखा माणुसकीनं ठेवणं, हे त्याच्यावर उपकार नव्हेत. तक्रारदार बाईचा निकाल टिकावा म्हणून ते हवं. नव्वद दिवसांत चौकशी पूर्ण करायची आहे, आणि ती नीट केली तर नव्वद दिवस पुरतात.

'बायका खोट्या तक्रारी करतात' हे वाक्य ऐकल्याशिवाय या विषयावरची एकही कार्यशाळा संपत नाही. कायद्यानं त्याचा विचार केलेला आहे. द्वेषानं, जाणूनबुजून खोटी तक्रार केल्याचं चौकशीत सिद्ध झालं तर कारवाई होते. पण त्याच कलमात पुढे असंही म्हटलं आहे की तक्रार सिद्ध करता आली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. या ओळीशिवाय हा कायदा निरुपयोगी झाला असता, कारण हे प्रकार साक्षीदार बघून केले जात नाहीत. काही ठिकाणी मी नोटीस बोर्डावर समितीच्या सदस्यांचे फोन नंबर बारीक अक्षरात आणि खोट्या तक्रारीवरच्या कारवाईचा इशारा ठळक अक्षरात छापलेला पाहिला आहे. असा बोर्ड वाचणाऱ्या मुलीला जे कळायचं ते कळतं. जो माणूस खोट्या तक्रारीच्या भीतीनं बायकांना कामावरच घेऊ नये म्हणतो, त्याला माझं उत्तर आहे की नियमानुसार चालणारी, दोन्ही बाजू ऐकणारी समिती हेच त्याचंही संरक्षण आहे. समिती नसेल तर कुजबुज आणि बदनामी उरते, आणि त्यात निरपराध माणूसही होरपळतो.

समिती न नेमणाऱ्या मालकाला पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे, पुन्हा तेच केलं तर दुप्पट, आणि परवाना रद्द होण्यापर्यंत कारवाई. दंड मोठ्या कंपनीला काहीच नाही, परवान्याचा धाक मात्र खरा आहे, आणि तो वापरला जात नाही. कंपन्यांनी किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, किती नव्वद दिवसांपेक्षा जास्त रखडल्या हे संचालकांच्या अहवालात सांगावं, असा नियम २०२५ मध्ये झाला हे चांगलं झालं. त्यात हजारो बायका कामाला असलेल्या ठिकाणी वर्षानुवर्षं शून्य तक्रारी दिसल्या तर तपासणीला पहिल्यांदा तिथे जायला हवं.

राज्य सरकारला मनापासून काही करायचं असेल तर नव्या घोषणेची गरज नाही. प्रत्येक तालुक्याच्या नोडल अधिकाऱ्याचं नाव आणि फोन नंबर ग्रामपंचायतीच्या फलकावर, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर, रेशन दुकानात मराठीत लिहावा. आशाताईंच्या आणि अंगणवाडी सेविकांच्या मासिक बैठकीत समितीच्या सदस्येनं वर्षातून निदान दोनदा समोर बसून बोलावं. आणि ऊसतोड बायकांसाठी साखर कारखान्यांना धरावं. शेतकऱ्यांची एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारनं ठरवलेला किमान भाव, थकवली तर कारखान्याचा गाळप परवाना अडवला जातो, ही पद्धत आपल्याकडे आहेच. त्याच धर्तीवर कारखान्यानं तोडणी कामगार बायकांसाठीही अंतर्गत समिती नेमली आहे का, टोळीतल्या प्रत्येक बाईचं नाव नवऱ्याच्या नावाखाली न लपवता स्वतंत्र नोंदवलं आहे का, आणि तळावर तक्रारीचा फोन नंबर लावला आहे का, हे परवाना देण्याआधी तपासावं. परवान्याचे अर्ज हंगामाआधी पुण्याला साखर आयुक्तालयात येतात. त्या अर्जाला समितीच्या आदेशाची प्रत जोडायला लावण्यासाठी एक परिपत्रक पुरतं, आणि ते येत्या हंगामाआधी निघू शकतं.